झेंडू तोडायची गाडी

आमच्या शेडमध्ये लोखंडाचा चुरा आणि डिझायनरांचे किस्से सारखेच साठतात. चुरा निदान झाडून काढता येतो!

शेड सलीमभाईंची, शिरूरच्या जरा बाहेर. वीस वर्षं लोकांची गेटं आणि ग्रिल करून ते पार कंटाळले होते. वडगाव रासाईच्या बचत गटातल्या बायकांनी झेंडू तोडायला गाडी करून मागितली, तेव्हा ते हरखलेच. नमुन्याची गाडी पसंत पडली तर ऑर्डर, नाहीतर पुन्हा गेटं.

त्यासाठी पुण्याहून नेहा आली. ती वस्तूंची डिझायनर. बसून फुलं तोडता यावीत म्हणून तिनं चाकांवरच्या सीटचं चित्र काढलं आणि उंची ठरवायला शेडमधल्या आम्हा सगळ्यांचे गुडघे मोजले. सलीमभाईंनी मोजू दिलं, मग म्हणाले, "मॅडम, झेंडू आम्ही तोडत न्हाई."

ती तशीच टेप घेऊन वडगावला गेली.

*

ओंकार ॲपवाला. त्यानं फुलांचे क्रेट मोजायचं ॲप केलं. पण झेंडू तोडून हात चिकट झालेले, स्क्रीन काही दाद देईना. मग त्यानं आकडा नुसता तोंडानं बोलायची सोय केली. पहिल्याच दिवशी बायका कुणाच्यातरी लग्नातल्या तीनशे पानांच्या पंगतीबद्दल बोलत होत्या. संध्याकाळी ॲपमध्ये तीनशे क्रेट जमा! ओंकारला वाटलं, काय पीक आहे!

*

मी फ्लेक्स करतो, तेव्हा मीही डिझायनरांतलाच. गाडीच्या फ्लेक्सवर मी उगवता सूर्य, डोंगर, नदी आणि चार प्रकारची अक्षरं घातली. सलीमभाईंनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "लई भारी," म्हणाले. "पण विकायचं काय हाय?"

*

गाडी वडगावला दिल्यावर आठ दिवसांनी आम्ही ती बघायला गेलो. बायका नेहमीसारख्या वाकून फुलं तोडत होत्या आणि गाडीत बसल्या होत्या गटाच्या प्रमुख कमलताईंच्या सासूबाई. पायांमुळे दोन वर्षं त्या घरातच होत्या. आता सून गाडी ढकलेल तशा सरीसरीतून फिरत, कुणाचं कुठलं फूल राहिलं ते दाखवत होत्या. सलीमभाईंचा चेहरा उतरला. मला त्यांच्याकडे बघवेना.

कमलताई हात पुसत आल्या. गाडी झकास आहे म्हणाल्या, क्रेट न्यायला फार सोपं पडतं, अजून पाच करा. सलीमभाईंचा विश्वासच बसेना.

"फकस्त पाचही बिनसीटच्या."

"ताई, सीट हेच तर डिझाइन आहे," नेहा कळवळून म्हणाली.

कमलताईंनी एकदा गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घराघरातल्या सासवा रानात आल्या, तर फुलं तोडायची कवा?"