ती भागी होती

चि. वासू आणि चि. मनी यांस अनेक आशीर्वाद.

तुमच्या आईचे पत्र परवा आले. तिकडे रंगूनला ती तुम्हांला तिच्या लहानपणची एक गोष्ट वरचेवर सांगते, असे तिने लिहिले आहे. ती दीड वर्षाची असताना वैशाखाच्या उन्हात मरायला टेकली, तेव्हा अंबादेवी बाईच्या रूपाने आली, मडक्यातले पाणी पाजले आणि दिसेनाशी झाली, अशी ती गोष्ट. पत्राच्या कडेला वासूने विचारले आहे, "आजी, संकटात देवीच येणार असेल तर माणसाने चांगले वागून काय उपयोग? एकट्याच्या चांगुलपणाने जग थोडेच बदलते?" ते वाचून मला राग आला. तुमच्यावर नाही, तुमच्या आईवरही नाही. तिला जे सांगितले गेले तेच ती सांगते. पण ती गोष्ट खोटी आहे, आणि हे जाणणारे माझ्याशिवाय आता कोणी उरले नाही. मी साठीला आले. म्हणून आजच लिहायला बसले. तुमच्या आजोबांनी मला इंग्रजी शिकवताना एक नियम घालून दिला होता: आधी घडले ते लिहावे, वाटले ते मागाहून. तो पाळायचा प्रयत्न करते.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस लागत होता. उमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसे. ज्या रानांत ज्वारी डोलायची तिथे कापूस आला. माणसे रेशमी रुमाल बांधू लागली, बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे आली. त्या धुळीत दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालांना आणि गाडीवानांना प्यायला पाणी मात्र मिळत नसे. सासूबाई गेल्या होत्या. त्यांच्या नावाने मी चैत्रात बाजाराच्या तोंडाशी पाणपोई घातली. सहा रांजण, वाळा घातलेले पाणी. गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी बाजूला बांबूची पन्हळ लावली, म्हणजे वरून ओतायचे आणि त्यांनी खाली ओंजळ धरायची. ती पन्हळ सुचल्याबद्दल मला स्वतःचे कौतुक वाटले होते, हेही लिहून ठेवते.

पंधरा दिवसांत मला दिसले की दुपार कलण्याआधीच सहाही रांजण कोरडे पडतात. मी जाऊन उभी राहिले. एका व्यापाऱ्याची माणसे घागरी भरभरून नेत होती आणि वखारीत कापसाच्या ढिगावर शिंपडत होती. ओला कापूस वजनाला भरतो, एवढीच त्यातली विद्या. मी त्यांना हटकले, तर त्यांचा मुकादम हसत म्हणाला, "बाईसाहेब, तहानलेल्याले पानी देता ना तुमी? मंग आमचा कापूस बी तहानला हाय!" सगळे खदखदून हसले. ज्यांना मी रोज पाणी देत होते ते हमालही हसले. घरी येऊन मी रांजण पालथे घालायला सांगितले आणि अंबादेवीच्या देवळात जाऊन तिला सरळ म्हटले, तुझे जग तुला लखलाभ. मी पुन्हा कोणासाठी काही करणार नाही आणि तुझ्याकडे काही मागणारही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही अकोल्याला निघालो. तुमचे आजोबा तिथल्या कचेरीत लागले होते. रेल्वे अजून यायची होती, प्रवास बैलगाडीचा. गाडीत मी, तुमची आई, आणि सोबतीला माझे चुलत सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणत. गाडी हाकायला किसन होता, आमच्या शेतावरचा जुना माणूस. तात्या फार कर्मठ. वाटेत कुठले पाणी चालेल न चालेल म्हणून त्यांनी दोन मोठ्या तांब्याच्या घागरी स्वतः भरून, तोंडाला ओले फडके बांधून गाडीत ठेवल्या होत्या.

मूर्तिजापूर सोडल्यावर सगळा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरला होता. चाकोऱ्या गुडघाभर खोल गेलेल्या. आमचे चाक एका चाकोरीत रुतले. किसनने हाक दिली, तशी मागच्या गाड्यांवरची चार माणसे धावत आली. गाडी हलकी करायला त्यांनी सामान खाली काढले, आणि त्यांतल्या एकाने दोन्ही घागरी उचलून बाभळीच्या सावलीत नीट ठेवल्या. तात्या झाडाआड गेले होते. परत येऊन त्यांनी विचारले, "घागरींना हात कोणी लावला?" तो माणूस हसून म्हणाला, "म्या लावला, महाराज. थेंब बी सांडू देल्ला नाही." तात्यांनी त्याची जात विचारली. तो घागरींपासून मागे सरकला. तेव्हा तात्यांनी फडकी सोडली आणि एकेक करून दोन्ही घागरी मातीत पालथ्या केल्या.

"तात्या, फेकू नोका!" किसन ओरडला. "पुढं सारं खारपान हाये. इहिरीतलं पानी तोंडात धरवत नाही."

"पुढे एखादे ब्राह्मणाचे घर लागेल."

"बाह्मनाच्या घरची इहीर का गोड रायते?"

तात्या गाडीत चढून बसले. मी गाडीत तुमच्या आईला मांडीवर घेऊन बसले होते. सकाळपासून तिला जुलाब होत होते. माझ्या डोळ्यांसमोर काळ्या भुईने ते पाणी पिऊन टाकले आणि मी तोंड उघडले नाही. सुनेने बोलायचे नसते. बाजारात अनोळखी मुकादमाशी भांडले, पण घरच्या माणसापुढे मुकी झाले. आजचा माझा राग मुख्यतः त्या मुकेपणावर आहे.

पुढे लागलेल्या गावात खरेच एक ब्राह्मणाचे घर होते. त्यांनी आदराने पाणी दिले. किसन म्हणाला तेच झाले. पाणी मिठाचे होते. तिथल्या लोकांना त्याची सवय. तुमच्या आईने तहानेपोटी दोन घोट घेतले आणि सगळे उलटून टाकले. त्यानंतर तिचे रडणे थांबले, हे वाईट लक्षण होते. जीभ लाकडासारखी कोरडी, टाळू खोल गेलेली, डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही. मी तात्यांना म्हटले, कुठूनही गोडे पाणी आणा. त्यांनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केले. मी देवीला शब्द दिला होता, मागणार नाही म्हणून. तो मोडायचीही मला लाज वाटली. मागितले नाही. नुसती बसून राहिले, आणि "आता माझ्याने काही होत नाही" एवढे एकच वाक्य मनात येत राहिले.

गावाबाहेर, एका कोरड्या नाल्याच्या काठाने गाडी चालली होती. नाल्यातून एक बाई वर आली. डोक्यावर मडके, हातात नारळाची करवंटी. किसनने तिला विचारले, "बाई, गोडं पानी हाये काय?" तिने गाडीत डोकावून पाहिले आणि मडके उतरवून करवंटीसह एका धोंड्यावर ठेवले. मग सवयीने दहा पावले मागे सरून उभी राहिली. "घे बाई. मी सरकली हाये."

"सूनबाई, हात लावू नका," तात्या म्हणाले.

मी खाली उतरले आणि मडक्यात करवंटी बुडवली. तात्या माझ्या माहेरचा, कुळाचा उद्धार करत आणि प्रायश्चित्त बजावत राहिले. मी ओतायला लागले, तर ती बाईच माझ्यावर खेकसली, "अवं, एकदम नोको देऊ! मारतं काय लेकराले? पदराचं टोक भिजव आन चोखू दे." मला ते जमेना. शेवटी ती पुढे आली, मांडी घालून बसली, तुमच्या आईला माझ्याकडून ओढून घेतले आणि पदराच्या टोकाने थेंब थेंब चोखवत राहिली. उन्हे कलेपर्यंत तिने दुसरे काही केले नाही. मधूनमधून माझ्याकडे न बघता बडबडत होती: "पहाटपासून उकरून राहिली, तवा कुठं एक मडकं झिरपलं. घरी बुढा वाट पाहून राहिला असंल पान्याची." तुमची आई एकदा रडली, आणि डोळ्यांतून पाणी आले. ते पाहून ती बाई म्हणाली, "हां. आता जगते." मडक्यात उरले होते ते तिने किसनच्या लोट्यात ओतले आणि रिकामे मडके घेऊन पुन्हा नाल्यात उतरली.

अकोल्याला पोहोचल्यावर तात्यांनी तुमच्या आजोबांना आणि जमलेल्या मंडळींना हकीकत सांगितली. गावकुसाबाहेरच्या बाईचे पाणी प्यालो म्हटले तर घर वाळीत पडते. देवीचे पाणी प्याल्याला प्रायश्चित्त लागत नाही. तात्या म्हणाले, "ती बाई नव्हतीच. पाहता पाहता दिसेनाशी झाली." सगळ्यांनी हात जोडले. मला विचारले, तेव्हा मी मान हलवली. तुमची आई सांगते ती गोष्ट अशी जन्माला आली. खरे मी रात्र उलटण्याआधी तुमच्या आजोबांना सांगितले. जगाला सांगितले नाही.

महिन्याने त्यांच्यासोबत मी त्या गावी गेले. बाई सापडायला वेळ लागला नाही, कारण ती कुठेही अदृश्य झाली नव्हती. नाल्यातच होती, वाळूत कंबरभर खड्डा उकरून झिऱ्याचे पाणी करवंटीने भरत होती. नाव भागी. मी लुगडे पुढे केले.

"लुगडं पेऊ काय?" ती म्हणाली.

मी खाली मान घालून तात्यांनी उठवलेली गोष्ट तिला सांगितली. वाटले, निदान हसेल. हसली, पण कशी ते मला लिहिता येत नाही. "मी देवी? मंग पाटलाच्या इहिरीवर काहून जाऊ देत नाहीत मले? गावात तेवढीच एक गोडी हाये." तात्यांनी स्तोत्र म्हणण्याऐवजी गावात विचारले असते, तर ती विहीर आम्हांला त्याच दिवशी कळली असती.

तुमच्या आजोबांनी त्या विहिरीसाठी तीन अर्ज केले. पाटलाकडून नकाराचा निरोप आला, कचेरीकडून तोही आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी उमरावतीला जाऊन राहिले आणि पाणपोई पुन्हा उघडली, या वेळी पन्हळीवाचून, सगळ्यांना एकाच ओगराळ्याने. निम्मे लोक यायचे बंद झाले. व्यापाऱ्याची माणसे आली, पाणी नेऊन कापसावर शिंपडतच राहिली. मी अडवत होते, भांडत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांजण भरत होते. मग अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, ते रेशमी रुमालही गेले.

वासू, तू विचारलेस त्याचे उत्तर मला येत नाही. भागीच्या एका मडक्याने जग बदलले नाही, तिचे स्वतःचे गावसुद्धा बदलले नाही. पाणी देताना तिने हा प्रश्न विचारला नाही; तिला घाई होती. देवी त्या दिवशी आली का, असे विचारशील तर मी म्हणेन, आली. मी हात टेकले तेव्हाच आली, न मागता आली, आणि भागीच्या तोंडून माझ्यावर खेकसली. पण भागीला पुसून टाकून जो देवीला नमस्कार करतो, त्याचा नमस्कार पोहोचत असेल असे मला वाटत नाही. माझाही कितीतरी वर्षे पोहोचला नसेल. आता रोज सकाळी देवापुढे मी एवढेच म्हणते, की रांजण भरणे माझ्याकडे असू दे, पाणी कुठे जाते ते तुझ्याकडे. असे म्हटल्याने राग जात नाही. पण हात थांबत नाहीत, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

हे पत्र आईला वाचून दाखवा. तिला वाईट वाटेल, वाटू द्या.

भागी वारली. पाटलाची विहीर अजून बंद आहे. भागीची सून दरवर्षी उन्हाळ्यात त्याच नाल्यात झिरा उकरते, आणि त्याला पाणी लागते.