वेगवेगळे डबे

कचऱ्याची गाडी चालवणाऱ्याला गल्लीत सगळे घंटीकाका म्हणत. घरात शिरतानाही हा माणूस तोंडाने घंटी वाजवतो, असं त्यांची बायको सांगे. एरवी बोलघेवडे, पण महिन्यातल्या पहिल्या रविवारी मात्र काकांची बोलती बंद असायची.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मेळा भरे. आसपासच्या मळ्यांतल्या भाज्या, फळं, मध. जे इथं पिकतं ते आधी खा, असा सगळा मामला. मेळा उभा केला होता काकांच्या लेकीने. ती बालवाडीत शिकवायची. खाणंपिणं झालं की पोरं रांगेने साली हिरव्या डब्यात, कागद निळ्यात, बाटल्या पिवळ्यात टाकत. एखाद्याने चुकून साल निळ्यात टाकली की बाकीची पोरं त्याला सळो की पळो करून सोडत. शेवटी काकांची गाडी येई आणि टाळ्यांचा कडकडाट होई.

त्या टाळ्या काकांना फटक्यांसारख्या लागत. खत करायचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. तोंडी हुकूम असा, की डबे वेगळे उचला, लोकांची सवय मोडू नका, गावाबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्यात मात्र सगळं एकत्र ओता. काकांनी साहेबांना विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, "वरून आलंय." वर नेमकं कोण, हे बहुधा साहेबांनाही ठाऊक नसावं. लेकीला सांगावं, तर तिचा हिरमोड करायचा कोणत्या तोंडाने? काका मूग गिळून बसले.

एका मेळ्यानंतर लेक थेट गाडीत चढून बसली.

"बाबा, आज मी येते. पोरांना दाखवायला खताचे फोटो हवेत."

"अगं, तिथे वास मारतो."

"मग तुम्ही रोज कसे जाता?"

काकांनी डिझेल कमी असल्याचं सांगितलं, पाठ धरल्याचं सांगितलं. लेक हसली आणि तिने पट्टा लावला. वाटभर ती खताबद्दलच बोलत होती. काकांना वाटलं, टायर पंक्चर व्हावा. पण हवा तेव्हा मेला टायर कधी पंक्चर होतो का?

खड्ड्याशी काकांनी खटका ओढला. साली, कागद, बाटल्या, सगळं एकाच ढिगावर कोसळलं. फोटोसाठी उचललेला लेकीचा हात खाली आला.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

तिने करून पाहिलं. कचेरीत खेटे घातले. साहेबांनी तिलाही चहा पाजून परत पाठवलं. मग मेळ्यातल्या मोठ्या माणसांच्या कानावर घातलं. ती माणसं म्हणाली, आत्ता बोललीस तर वर्षभराची शिस्त पाण्यात जाईल, कारखाना सुरू होईपर्यंत झाकली मूठ राहू दे. कारखाना कधी सुरू होणार, ते कोणालाच सांगता येईना.

पुढच्या मेळ्यात काका गाडीत बसून होते. एका चिमुरडीने गाजराचा देठ हिरव्या डब्यात टाकला आणि लेकीचा हात ओढून विचारलं, "ताई, ह्याचं पुढे काय होतं?"

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली.

"खत होतं," ती म्हणाली.

आपल्या लेकीला खोटं बोलताना काकांनी आजवर ऐकलं नव्हतं. चिमुरडी खूश होऊन पळाली. काका खाली उतरले आणि एकेक डबा गाडीत चढवू लागले.