सरूबाईंच्या म्हशीचं रक्त

आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाबाहेरच्या बाकावर सरूबाई बसल्या होत्या. त्यांची म्हैस व्याली आणि दुसऱ्याच दिवशी आडवी झाली. गावच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त घेतलं, कॅल्शियमचं सलाईनही लावलं, पण तोवर उशीर झाला होता. म्हैस गेली आणि तिचं रक्त आमच्याकडे पोचलं.

रिपोर्ट घेऊन मी बाहेर आले. रक्तातलं कॅल्शियम फारच उतरलं होतं. वर्गात हे मी दरवर्षी शिकवते. जनावर गेल्यावरही काचेच्या नळीतलं त्याचं रक्त आपल्याला खरं सांगत राहतं, याचं पूर्वी मला कौतुक वाटायचं. हल्ली त्यानंच जीव कासावीस होतो. ते खरं कुणाला सांगायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानं त्याचं काय करायचं?

"कॅल्शियम सगळं दुधात गेलं," मी म्हणाले.

"म्हंजी पारडानंच आईला खाल्लं म्हनायचं?"

"नाही हो, त्याचा काय दोष!"

"सलाईन लवकर लागलं असतं तर उठली असती का?"

हाच प्रश्न मी परीक्षेत घालते.

"बहुतेक उठली असती."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "दुसरी पुढच्या महिन्यात व्यायची हाय. तिचं काय काय करायचं, ते सांगा. बेतानं सांगा, मला ध्यानात ठेवायचंय."

वर्गात मुलं ताटकळली होती. मी सरूबाईंशेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.