तापाच्या वहीत नसलेलं नाव

प्रियाचा आवाज आज दमलेला वाटला. एवढंच. पण संध्याकाळपासून ते मनातून जात नाही. "जरा कणकण आहे गं," ती म्हणाली, आणि लगेच वसतिगृहातल्या पोरींना आज वांग्याची भाजी आवडली नाही ते सांगायला लागली. कणकण हा शब्द महिनाभरात तिसऱ्यांदा ऐकला. तिला चौथा महिना सरत आलाय. आणि ती राहते त्या गावात हे कुणालाच माहीत नाही. माझ्यामुळे माहीत नाही.

प्रियदर्शनी माझी एकुलती एक. किनवटच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. नेमणूक झाली तेव्हा नांदेडातले सगळे म्हणाले, वर्षभर काढ आणि बदली मागून घे. तिने चार वर्षं काढली. जावई, प्रेम, लातूरला कृषी खात्यात आहे. महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा तिच्याकडे जातो. बाकीचे दिवस ती त्या दोन खोल्यांत एकटी, आणि तिचे वडील गेल्यापासून मी इथे एकटी.

लहानपणापासून दुखलं-खुपलं सांगायची तिला सवय नाही. सहावीत शाळेच्या पायऱ्यांवरून पडून मनगट मोडलं, तर दुसऱ्या हातात दप्तर घेऊन चालत घरी आली आणि आधी गृहपाठाला बसली. डाव्या हाताने लिहिताना मी पाहिलं तेव्हा कळलं. "तू घाबरतेस म्हणून सांगितलं नाही," म्हणाली. अकरा वर्षांची होती.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले, तेव्हा दुसरा महिना लागताच मी गल्लीभर पेढे वाटले. दहाव्या आठवड्यात ते राहिलं नाही. मग महिनाभर माणसं भेटायला येत राहिली, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. रजा घेऊन माझ्याकडे आलेली प्रिया खोलीचं दार लावून बसायची. या खेपेला मीच म्हणाले, "पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगू नको." नजरबिजर आमच्या घरात कुणी मानत नाही. माझ्या आईला मात्र ही रीत होती, आणि मी शिकलेली असून तीच पुढे चालवली. कारण काहीही असो, प्रियाने माझं ऐकलं. प्रेमही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला.

ऑगस्टमध्ये तीन दिवस तिच्याकडे राहून आले. तिच्या टेबलावर एक लांब वही असते. कुठल्या मुलीला कधी ताप आला, किती होता, रक्त कधी तपासलं, गोळ्या संपल्या का, सगळं त्यात लिहिलेलं. मच्छरदाण्यांचा हिशेब शेवटच्या पानावर. पंचेचाळीस मुली, चव्वेचाळीस मच्छरदाण्या. पंचेचाळिसावी तिने स्वतःच्या पलंगाची काढून दिली होती. मी रागावले तर म्हणाली, "माझ्या खिडकीला जाळी आहे." जाळीला खाली कोपऱ्यात फाटलेलं होतं. तिथे तिने वर्तमानपत्र कोंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई आल्या. आरोग्य खात्याच्या, त्या गावच्या आशाताई. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "आई, तुमची पोरगी लई कडक हाय. पोरींचा ताप काट्यानं मोजते, सोताचा अंदाजानं."

मी हसले. प्रिया आत मुलींची हजेरी घेत होती. सरजाबाईंनी आवाज खाली आणला. "एक इचारू का? मॅडमचं काही हाय का? परवा कच्च्या चिंचा मागून राहिल्या व्हत्या."

"नाही हो," मी म्हणाले. "तिला लहानपणापासूनच चिंच आवडते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. स्वतःची तीन बाळंतपणं झालेली आणि दुसऱ्यांची शंभर पाहिलेली बाई. "बरं," म्हणाल्या. "असलं तर सांगा. माझ्या रजिस्टरात नाव पडलं की मग मी तिला सोडत न्हाई. नाव न्हाई तर माझ्याबी हातात काही न्हाई." जाताना माझा मोबाइल मागून घेतला आणि त्यात स्वतःचा नंबर टाकला. "रातचं बी लावा. मी काय साहेब थोडीच हाय."

सप्टेंबरात वसतिगृहात दोघी-तिघींना हिवताप निघाला. प्रियालाही ताप आला, तेव्हा सरजाबाईंनी मुलींसोबत तिचंही बोट टोचलं. पट्टीवर एकच रेघ आली. म्हणजे काही नाही. दोन दिवसांत ताप उतरला. प्रियाने मला फोनवर सांगितलं आणि मीही म्हणाले, "दगदग झाली असेल." पंधरा दिवसांनी पुन्हा आला, गेला. आणि आज परत.

दुपारी मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. उठता उठता विचारलं, "ओळखीची एक मुलगी आहे. पोटुशी आहे, जंगलाच्या भागात राहते. अधूनमधून ताप येतो, पण तपासणीत काही निघत नाही."

"पहिलटकरीण?"

"हो. म्हणजे, आधीचं एक राहिलं नाही."

"मग पहिलंच धरा. तिकडचीच आहे का ती?"

"नाही. नांदेडची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, ज्या गावात हिवताप वरचेवर येतो, तिथल्या माणसाचं अंग हळूहळू त्या जंतूला ओळखायला शिकतं. तिला ती ओळखच नाही. आणि असती तरी पुरली नसती. पोटात बाळ असलं की त्याला पोसणारी वार तयार होते. जंतू त्या वारेला चिकटून बसतात, आणि तिथे चिकटणारे जंतू असं रूप घेतात, जे अंगाने आधी कधी पाहिलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ओळखू लागतं. पहिल्या खेपेला नाही."

"पण तपासणी चांगली आली."

"बोटातल्या रक्तात थोडेच असले तर पट्टीला सापडत नाहीत. सगळे वारेत लपलेले असतील. त्यांच्याशी लढायला अंगातल्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात, त्याने वारेला सूज येते, आणि बाळाला मिळायचं ते कमी होतं. आईचं रक्तही उतरतं. धाप लागते का तिला?"

परवाच प्रिया म्हणाली होती, जिना चढताना दम लागतो. मी म्हणाले, "लागते बहुतेक."

"ताप असताना पुन्हा तपासायला हवं, काचेवर रक्त घेऊन. आणि पोटुशी आहे हे तपासणाऱ्याला आधी सांगायला हवं, कारण हिवतापातली एक गोळी अशा बाईला चालत नाही. त्या मुलीची आई कुठे असते?"

"इथेच. नांदेडला."

"मग तिला सांगा, थांबू नको म्हणावं."

मी मान हलवली आणि बाहेर आले.

बी.एस्सी.ला मी हिवतापाच्या जंतूचं जीवनचक्र रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं. डास, यकृत, रक्त, पुन्हा डास. सरांनी वर्गात ते फिरवून दाखवलं होतं. त्या गोलात पोटुशी बाई कुठेच नव्हती.

संध्याकाळी प्रियाला म्हणाले, "उद्याच तालुक्याला जाऊन रक्त दे. आणि तिथे सांग तुला चौथा आहे म्हणून."

"उद्या वसतिगृहाच्या तपासणीला साहेब येणार आहेत, आई. आणि सांगायचं कसं? पाचव्याला आठच दिवस राहिलेत. तूच म्हणाली होतीस ना." बोलण्यात राग नव्हता. पलीकडे कुठली तरी पोरगी "मॅडम, मॅडम" करत होती. "ठेवते. तू झोप."

झोप कुठली. एक वाजून गेलाय. ती आता त्या फाटक्या जाळीच्या खिडकीशी, पलंगाला मच्छरदाणी नाही, अंगात ताप. उठून तापाच्या वहीत स्वतःचं नाव लिहिणार नाही, याची मला खात्री आहे. उद्याही ती साहेबांमागे वह्या घेऊन फिरेल. पुन्हा तिलाच फोन केला तर "बरं वाटतंय" म्हणेल.

तिला न विचारता सरजाबाईंना सांगितलं म्हणून ती रागावेल. कदाचित महिनाभर बोलणार नाही. न बोलू दे. सकाळपर्यंत थांबले तर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन, हे मला माहीत आहे. आणि सरजाबाई उजाडताच घर सोडतात. त्या प्रियाच्या दारात ती हजेरीला बसायच्या आत पोचायला हव्यात.

सरजाबाईंचा नंबर काढून समोर ठेवलाय. त्यांनी फोन उचलला की पहिलं वाक्य हेच सांगायचं, की ऑगस्टमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, तिचं नाव रजिस्टरात घाला. मग बाकीचं.

ही माझी रोजनिशी मिटते आणि फोन लावते.