माझी जीभ आणि तिचं यंत्र

आमच्या बंदराच्या गावात मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याचं काम पाहिलं, पण एवढा जळफळाट मला कधी झाला नव्हता. नव्या योजनेचा आराखडा करायला घाटावरून एक इंजिनिअर मुलगी आली. वय माझ्या लेकीएवढं. आल्या दिवशी वाकून नमस्कार करून म्हणाली, "काका, तुमच्याकडून खूप शिकायचंय." तिथंच माझं डोकं फिरलं. आली हिसकावायला आणि म्हणे शिकायचंय!

ही योजना मीच आखणार असं मी धरून चाललो होतो. कुठल्या वळणावर पाइप फुटतो, कुठल्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागतो, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. माझी जीभ तर गावात प्रसिद्ध. डोळे बांधून पाणी पाजलं तरी ते कुठल्या विहिरीचं हे मी ओळखायचो, आणि लग्नकार्यात लोक मुद्दाम तशी पैज लावायचे. आता सभागृहात ती पडद्यावर नकाशे दाखवू लागली, तर माझं बोलणं जांभया देत ऐकणारे सभासद खुर्च्या पुढे ओढून बसले. शिपायानं चहासुद्धा आधी तिच्यापुढे ठेवला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

पाणी उचलण्यासाठी तिनं देवळाखालची कोंड निवडली. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. दिवाळीनंतर तिथं यंत्र बुडवून तिनं क्षार मोजले, आकडा चांगला आला, जागाही रस्त्याला लागून. नकाशावर तिनं लाल टिंब केलं तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो, आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कारण ती कोंड मी ओळखून होतो. पावसाळ्याचं पाणी टिकतं तोवर ती गोड. वैशाखात नदीची धार बारीक झाली की अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी थेट तिथवर चढतं. दर वर्षी त्या दिवसांत मी काठाकाठानं चूळ भरत चालायचो आणि खारं पाणी कुठवर आलंय ते बघायचो. तुरटीनं गाळ खाली बसतो, क्लोरीननं जंतू मरतात, पण मीठ दोघांनाही भीक घालत नाही. म्हणजे शुद्धीकरण केंद्र कितीही झकास बांधलं तरी ऐन उन्हाळ्यात अख्खं गाव खारं पाणी पिणार. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. नाही बोललो. म्हटलं, होऊ दे, मग कळेल यंत्र मोठं की जीभ.

योजनेच्या बैठकांना जाणं मी सोडलं. त्या वैशाखात नदीवरही गेलो नाही. पक्का नकाशा तयार झाल्यावर तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला. "काका, एकदा बघून घ्या ना." ती गेल्यावर मी ती गुंडाळी न उलगडता कपाटावर टाकून दिली.

घरी तरी सुटका? एकटी राहते म्हणून माझी बायको तिला दर रविवारी जेवायला बोलवायची. तिकल्यातली, म्हणजे तिखट कालवणातली, बांगड्याची मधली तुकडी तिच्या पानात पडायची आणि शेपटी माझ्या. "काटो सांभाळ गो बाय," बायको तिला सांगायची. जेवणं झाली की दोघी मागीलदारी तासन्तास गप्पा मारत बसत. बायको आरोंद्याची, खाडीकाठावरच वाढलेली, बोलायला लागली की थांबत नाही. मी पुढच्या अंगणात, खळ्यात, एकटा सुपारी कातरत बसायचो.

पुढच्या दिवाळीनंतर काम सुरू होणार होतं. आमच्याकडे साधी विहीर खणायची तरी आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे होकार भरतात. आम्ही देवळात उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी आज पाण्याचा काम हाती घेतलेला आसा, तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या मनात काय वाकडा-नाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

सगळे ओरडले. माझा आवाज फुटला नाही. साहेबांपुढे मी पुष्कळदा खोटं बोललोय, पण त्या नारळापुढे जमेना. पायरीवर तिला गाठून मी एका दमात सांगून टाकलं, "ती कोंड मे महिन्यात खारी होते. तिथं पंप बसवू नका."

ती चपला घालता घालता थांबली. "माहीत आहे, काका. मे महिन्यात उधाणाच्या दिवशी मी स्वतः जाऊन मोजलं. जागा वरच्या बंधाऱ्याच्या मागे नेलीय. नकाशा दिला होता ना तुम्हाला?"

"तुम्हाला सांगितलं कोणी?"

"काकूंनी."

बायको मागेच खोबऱ्याचा प्रसाद घेऊन उभी होती. "तुमच्या तोंडातसून कायव भायर पडूचा नाय, ह्या माका ठावक होता," ती हळूच म्हणाली. "तुमच्या रागापायी गावान खारा पाणी पिवचा काय?" आणि तिनं माझ्या हातावर खोबरं ठेवलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

बंधाऱ्यावर नारळ फुटला. ती मुलगी पेलाभर पाणी घेऊन सगळ्यांदेखत माझ्यापुढे आली. "आकडा मी घेतलाय. पण काकांनी चव सांगितल्याशिवाय कुदळ मारायची नाही."

खरं सांगतो, तो घोट मी नको तेवढा वेळ तोंडात घोळवला, कुठेतरी मिठाची कणी लागेल म्हणून. लागली नाही.

"गोड आसा," मी म्हणालो, आणि टाळ्या तिच्यासाठी वाजल्या.