वन्संनी निवडलेली काठी

आमच्या वन्संनी चौतीस वर्षं लोकांची हाडं बांधली. मोठ्या इस्पितळाच्या प्लास्टर रूममध्ये. डॉक्टर हाड बसवायचे आणि हात पुसून निघून जायचे. पुढचं ओलं प्लास्टर गुंडाळणं, ते सुकेपर्यंत तो हात धरून बसणं, बोंबलणाऱ्या माणसाला दटावणं, हे सगळं वन्संकडे. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. आमच्या ह्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या, उंचीला ह्यांच्याएवढ्याच आणि आवाजाला दुप्पट. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, प्रेमानं घेतला. तर म्हणाल्या, "मनगट नाजूक आहे हिचं. जपून राहा गं."

ते खरं व्हायला एकवीस वर्षं लागली, एवढंच.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. आठवडाभर केसाएवढ्या फरकासाठी डोळे फोडून घ्यायचे आणि रविवारी तळ्यावर जाऊन बास मासे पकडायचे. पकडायचे आणि परत सोडून द्यायचे. माशाचं नाव बास, पण ह्यांना कधी बास म्हणून वाटलं नाही. बरं, गळ टाकून गप बसायचं, तर तेही नाही. ह्यांची काठी फ्लाय-फिशिंगची. साध्या गळात टोकाचं वजन दोरीला ओढत नेतं; इथे दोरीच जड. ती डोक्यावरून मागे-पुढे फिरवत राहायची आणि मग सोडायची. टोकाला पिसं लावलेला खोटा किडा, नाहीतर बुचाचा खोटा बेडूक. बेडूक पाण्यावर डुचमळला की बास खालून येऊन त्याला गिळतो. मी एकदा विचारलं होतं, बाजारात मासे मिळतात ते काय वाईट असतात? दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पूर्वी ह्यांच्याकडे जी काठी होती ती सासऱ्यांची. बांबूच्या सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, मधाच्या रंगाची. सासरे गेल्यावर ती ह्यांच्याकडे आली. वर्षातून दोनदा तिला पॉलिश व्हायचं. घराचा दरवाजा लग्नापासून तसाच आहे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघं तळ्यावर गेलो होतो. हे मासे पकडायला, मी डबा सांभाळायला आणि वन्सं मला सोबत म्हणून. पाण्यात गेलेल्या लाकडी फळ्यांवर शेवाळ होतं. मी घसरले, हात टेकला आणि मनगटातून कड असा आवाज आला. बघते तर हाताचा आकार पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखा. मी ओरडायच्या आत वन्सं माझ्याशेजारी बसल्या होत्या. "हाताला आधार हवा," म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. काठावर चिखल आणि लव्हाळं, दुसरं काही नाही. फळ्यांच्या कठड्याला ह्यांची काठी टेकवलेली होती. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ती उचलली, गुडघ्यावर ठेवली आणि तोडली. एकदा, मग पुन्हा एकदा. दोन तुकडे माझ्या हाताला दोन बाजूंनी लावले, ओढणीनं आवळले आणि म्हणाल्या, "चल, गाडीत बस."

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, इतकं सुरेख बांधलेलं आम्ही पाहिलं नाही. संध्याकाळी माझं प्लास्टर उशीवर ठेवून मी पडले होते तेव्हा हे बाहेरच्या खोलीत म्हणाले, "ताई, एकदा विचारायचं तरी. मी काय नाही म्हणालो असतो?"

"हाड मोडलेलं असताना विचारत कोण बसतं?"

"बाबांची होती ती."

"आणि ही तुझी बायको आहे," असं म्हणून वन्संनी चपला घातल्या आणि गेल्या.

झालं. सहा वर्षं अबोला. दोघांची घरं दोन बस स्टॉपच्या अंतरावर आणि मधे मी टपालखातं. "ताईला सांग, पाण्याच्या टाकीवाला येणार आहे." "त्याला विचार, माझा चष्मा झाला का." दोघांच्याही नाकावर राग, दोघंही बापाच्या वळणावर. भांडण त्यांचं आणि मनगट माझं. ते कधीच भरून आलं, पण पावसाळी हवेत ठणकायला लागलं की मला त्याची लाज वाटायची. माझ्यामुळे बहीण-भाऊ तुटले, असं वाटून मी कितीदा रडलेय, ते ह्यांना माहीत नाही.

यंदा वन्सं निवृत्त झाल्या. आठव्या दिवशी फोन. "उद्या दुपारी मोकळी आहेस? माझ्याबरोबर ये. त्याच्यासाठी काठी घ्यायची आहे. त्याला बोलू नकोस."

मी म्हटलं, "वन्सं, आज एकदम कसं सुचलं?"

"घरी बसून मी काय करणार, विचारच करते. मला उद्या काही झालं तर तो येईलच. पण तेव्हा येऊन बोलला तर मला काय ऐकू येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हजर.

मासेमारीच्या सामानाचं दुकान लांबट, बोगद्यासारखं. दोन्ही भिंतींना काठ्या उभ्या. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून गळांच्या डब्या लावत होता. त्यानं विचारलं, "कुठला मासा?"

"बास," वन्सं म्हणाल्या.

"पाणी कसलं?"

ते मला माहीत होतं. "तळं. काठाला गवत आणि कमळाची पानं."

"मग आठ नंबर," तो म्हणाला. नंबर म्हणजे काय, तेही त्यानं समजावलं. जितका नंबर मोठा तितकी जड दोरी ती काठी फेकते. बासच्या बेडकाला हवेत अडायची खोड, हलकी काठी त्याला पुढे नेतच नाही. शिवाय बास गळाला लागला की सरळ गवतात घुसतो, तिथून त्याला ओढून काढायला काठीत दम लागतो. "कार्बनची, नऊ फुटी, कडक. सगळे हीच नेतात." त्यानं एक काळी काठी वन्संच्या हातात दिली.

वन्संनी ती हलवली. "कडक कशाला?"

"लांब जाते."

"आणि ती वाकली नाही तर हिसका कुठे जाणार? कोपरातच ना?"

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी सायकलवरून पडला," वन्सं म्हणाल्या. "मला नोकरीला लागून तिसरा आठवडा. त्याच्या कोपराचं प्लास्टर मीच घातलं. पूर्ण सरळ होत नाही तो हात, दोन बोटं कमी पडतात. अजून कप उचलताना तो आधी खांदा उचलतो."

सत्तावीस वर्षं मी ह्यांना चहा देतेय. खांद्याकडे कधी माझं लक्ष गेलं नव्हतं. मात्र सासऱ्यांची काठी गेल्यावर ह्यांनी आणली ती अशीच काळी, कडक काठी, आणि तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी हे कोपराला मलम चोळत बसतात. वय झालं, म्हणतात. मी ते वन्संना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. ठाऊक असल्यासारखी.

दुकानदारानं मऊ काठ्या काढल्या. चार नंबर, पाच नंबर. वन्सं विचारायच्या, "ही बेडूक नेईल?" तो म्हणायचा, "नाही." असं पाच वेळा झालं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "मला नंबर आठच हवा, पण अंग मऊ हवं. असेल तर दाखवा, नसेल तर नाही म्हणा."

तो मागे गेला आणि धूळ पुसत पुसत एक पिवळी काठी घेऊन आला. "फायबरग्लास. हल्ली कुणी मागत नाही. थोडी जड आहे, सावकाश चालते, मुठीपर्यंत वाकते. पण फार लांब जाणार नाही, आधीच सांगतो."

"त्याला किती लांब लागतं गं?" वन्संनी मला विचारलं.

"पानांच्या कडेपर्यंत. वीस पावलं असेल."

त्यांनी काठीचं टोक छताला टेकवून दाबलं आणि ती कुठून कुठपर्यंत वाकते ते डोकं वाकडं करून पाहिलं. मग ती माझ्या हातात दिली. मोडलेल्या हातात. "हलव. आणखी. दुखतंय?"

"नाही."

"मग त्याच्या कोपराला चालेल."

दुकानदारानं ती सुटी करून दाखवली. चार तुकडे, एकात एक बसणारे, सगळे मिळून हातभर लांबीच्या नळीत. वन्सं म्हणाल्या, "बरं आहे. हिचे आधीच चार तुकडे आहेत, मला काही करायला नको." दुकानदार हसला. त्याला काय माहीत.

बाहेर बस येईपर्यंत बाकावर बसलो. नळी वन्संच्या मांडीवर. समोरच्या रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "बाबा दर रविवारी त्याला घेऊन जायचे. मी दारात उभी राहायचे. मुलीनं चिखलात काय करायचंय, म्हणायचे. ती काठी मी आयुष्यात एकदाच हातात घेतली गं. तीही तोडायला." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हे त्याला सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. मी बालवाडीची बाई. चाळीस पोरांशी दिवसभर बोलून माझ्या तोंडाला मिटायची सवयच राहिलेली नाही. तरी मी सोळा दिवस काढले, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

ह्यांनी नळी पाहिली. "कुणी दिली?"

"ताईंनी."

"ठेव तिथे."

तिथे म्हणजे कपाटावर. दोन रविवार हे जुनी काळी काठी घेऊन गेले आणि कोपर चोळत परत आले. वन्संचा फोन आला की त्या पाण्याच्या टाकीपासून भाजीपर्यंत सगळं विचारायच्या, ते एक सोडून. सोळाव्या दिवशी संध्याकाळी हे मलमाची ट्यूब शोधत होते आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, मलम काय शोधताय, औषध कपाटावर आहे." आणि मग सगळं बाहेर पडलं. कोपर, दोन बोटं, कपाच्या आधी उचलला जाणारा खांदा, आणि शपथ मोडून ते दारात उभं राहणंसुद्धा.

हे ट्यूब हातात धरून उभे राहिले. "दारात?"

"दारात. दर रविवारी."

"मला वाटायचं तिला आवडत नाही," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी दिवा लावला तेव्हाही तसेच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना आठ नंबरची नवी दोरी घेऊन आले. नळी खाली काढली. जड दोरीच्या पुढे बारीक नायलॉन लावायचं असतं, जाडावर बारीक, बारीकवर आणखी बारीक. सगळी संध्याकाळ गॅलरीत बसून त्याच्या गाठी मारल्या, भिंगातून बघून. झाल्यावर म्हणाले, "ताईला सांग, रविवारी सकाळी सहाला तयार राहा म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"सांग म्हटलं ना."

म्हणजे टपालखातं अजून चालूच.

रविवारी वन्सं इस्पितळातले पांढरे बूट घालून आल्या. गाडीत कुणी बोललं नाही. एरवी मी बोलले असते, पण भीती वाटत होती, खरंच सांगते. आज नाही जमलं तर पुन्हा जमायचं नाही, हे तिघांनाही कळत होतं. त्याच फळ्या, तेच शेवाळ. ह्यांनी चार तुकडे जोडले, बेडूक बांधला आणि काठी सरळ वन्संच्या हातात दिली. बोलणं नाही. दोन बोटांनी त्यांचं कोपर अंगाजवळ आणलं, मनगट सरळ केलं आणि उजवीकडे मागे जाऊन उभे राहिले.

पहिल्या तीन वेळा दोरी वन्संच्याच डोक्यावर पडली. चौथ्यांदा ती मागे गेली, पुढे गेली, आणि बेडूक टप करून पानांच्या कडेला उतरला. वन्संचं तोंड मी पाहिलं. सत्तावन्न वर्षांची बाई, पण दारात उभी राहणारी मुलगी कशी दिसत असेल ते मला तिथे दिसलं.

पाचव्यांदा दोरी मागे गेली ती पुढे आलीच नाही. "स्स्," असा आवाज आला. बेडूक ह्यांच्या मानेवर, कॉलरच्या वर, गळ कातडीत उलट्या काट्यापर्यंत रुतलेला.

वन्संनी आधी काठी खाली ठेवली, आडवी, कुणाचा पाय पडणार नाही अशी. मग मागे जाऊन पाहिलं. "हलू नकोस," म्हणाल्या. सहा वर्षांतला पहिला शब्द.

"बरं," हे म्हणाले. तो दुसरा.

"दोरीचा फास घालून एका हिसक्यात काढते. हातभर दोरी लागेल." त्यांनी माझ्या पर्समधली छोटी कात्री घेतली, गाठींचं ते बारीक नायलॉन बोटांत धरलं, कात्रीची पाती त्यावर आणली. आणि थांबल्या. चौतीस वर्षांत जो हात थांबला नव्हता तो थांबला.

"ही तू बांधलेली आहेस," त्या म्हणाल्या. "तोडू का?"

ह्यांना मागचं काही दिसत नव्हतं. मान खाली, हात गुडघ्यांवर.

"विचारतेस काय, ताई. तोड."

तोडली. फास, अंगठ्याचा दाब, एक हिसका, आणि बेडूक वन्संच्या हातात. ह्यांनी मानेला रुमाल लावला, डोळ्यांनाही लावला, नवं नायलॉन बांधलं आणि काठी पुन्हा वन्संच्या हातात दिली.

"टाक," म्हणाले. "मी डावीकडे उभा राहतो."