आक्काच्या पाटावर

लातुरातले भिकारी पोलिसाला घाबरत नसतील इतके माझ्या घरमालकिणीला घाबरत. तिला सारी गल्ली आक्का म्हणायची. दारात कुणी "वाढ गं माय" म्हणून उभं राहिलं की आक्का आतूनच ओरडायची, "तांब्या तिथं हाय. पाय धू अन् आत ये." तिच्या घरी भाकरी झोळीत पडत नसे. पाय धुवायचे, पाटावर बसायचं, वाढलेलं तिच्यासमोर खायचं आणि शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: "मीठ कसं हाय?" कुणी सवयीनं "ग्वाड हाय माय, देव तुझं भलं करो" म्हटलं की संपलंच. "फुकटचं हाय म्हणून ग्वाड व्हय? सकाळी मीच चाखून तोंड वाकडं केलं. खरं बोल!" एका म्हाताऱ्यानं भीत भीत "जरासं खारट हाय" असं सांगितलं, तेव्हा आक्का इतकी खूश झाली की तिनं त्याला पुन्हा भात वाढला आणि उद्याही यायला बजावलं. तो म्हातारा पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. पोटभर जेवणासाठी एवढं खरं बोलायची कुणाचीच तयारी नसावी.

आक्का मूळची कर्नाटकातली, कल्याणकडची. देवाशी आणि स्वतःशी कानडीत बोलायची, भाजीवाल्याशी दखनी उर्दूत भांडायची आणि माझ्यासारख्या भाडेकरूंना मराठीत झापायची. ती रांगेत कधी उभी राहत नसे. रॉकेलची रांग असो की टँकरची, ती रिकामी घागर घेऊन बाजूला एखाद्या दगडावर बसायची आणि रांग संपल्यावर उठायची. तोवर टँकर बहुधा रिकामा झालेला असे. मग ती सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून पिळून आणायची, पण रांगेत नाही. कुणी तिला 'उपकार झाले' म्हटलं तर ती खरोखर कानांवर हात ठेवायची. पहिलं वर्षभर मला वाटे, बाईचं डोकं जरा फिरलेलं आहे.

कारण कळलं ते एकदा शेंगा फोडता फोडता. बाराव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी तिला एका मोठ्या शहरातल्या महिलाश्रमात पोचवलं. तिथं मराठी शिकवलं, शिवण शिकवलं, दोन वेळा जेवायला घातलं. "वाईट न्हवती गं ती माणसं," आक्का म्हणाली. "पण रविवारी देणगीदार यायचे. मग आमाला उंचीपरमानं रांगेत उभं करायचे. गाणं म्हनायचं, नमस्कार करायचा. एक बाई माझी हनुवटी वर करून म्हनली, ही हसत का न्हाई? मग मी हसले." पुढं लातूरच्या एका सुधारक विचाराच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं आश्रमात येऊन तिच्याशी पुनर्विवाह केला. "माझ्या लग्नात अक्षतांपरीस भाषणं जास्त पडली," असं ती सांगायची. नवरा देवमाणूस होता. फक्त घरी पाहुणा आला की तो तिला बाहेर बोलवायचा आणि म्हणायचा, "ही आमची पुनर्विवाहाची पत्नी." मरेपर्यंत म्हणत राहिला. "तीस वरसं मी त्यांच्या घरात राहिले," आक्का शेंगेचं टरफल बाजूला टाकत म्हणाली, "पन त्या भाषणातून उतरले न्हाई."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या होत्या आणि नळ कोरडे होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. चाकूरकडून, औशाकडून आणि थेट देगलूरच्या पलीकडून, तेलंगणातून, माणसं कामाला येत होती. गावाबाहेर नव्या कचेऱ्यांचं बांधकाम निघालं होतं आणि तिथं खडी फोडायला बायका लागत होत्या. त्या पालं ठोकून माळावरच राहायच्या. जिल्ह्याबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर त्यांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी महिला मंडळ काढलं. मी शाळेत मास्तरीण, अक्षर बरं, म्हणून मला चिटणीस केलं. मंडळानं ठरवलं, माळावरच्या गरजू बायकांना लुगडी आणि लहान मुलांना दुधाची पावडर वाटायची. पण गरजू कोण ते ठरवायला हवं, म्हणून मी एक फॉर्म तयार केला. नाव, गाव, मुलं किती, नवरा आहे का, असल्यास काय करतो, नसल्यास का नाही. मला त्या फॉर्मचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही. आक्काला दाखवला तर ती म्हणाली, "मीठ कसं हाय, एवढं तरी इचारलंस का यात?"

माळावर खुर्च्या मांडल्या, फोटोवाला बोलावला. बायका उन्हात रांगेत उभ्या होत्या. त्यात पोशव्वा नावाची एक होती, पंचविशीची, तेलुगू बोलणारी. कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर, मान खांद्यावर टाकलेली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. नवऱ्याचा प्रश्न आला तशी ती गप्प झाली. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं, कारण अध्यक्षबाई शेजारीच होत्या. मागच्या बायका ऐकायला लागल्या. पोशव्वानं एकदा माझ्या मंगळसूत्राकडं पाहिलं, मग मान खाली घातली. मी लिहिलं: 'माहिती देण्यास नकार'. यादीत तिचं नाव आलं नाही. ती रांगेतून बाहेर पडली आणि पोरीला ऊन लागू नये म्हणून डोक्यावर पदर धरून पालाकडं गेली. मी पुढचा फॉर्म घेतला.

आठवड्यानं बांधकामावरच्या मुकादमाकडून कळलं, पोशव्वाची पोर हगवणीनं गेली. मंडळात कुणीतरी 'अरेरे' म्हटलं आणि पुढचा विषय निघाला. दुधाच्या पावडरीनं ती वाचली असती का, हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नाही. पाणीच वाईट आहे तिथलं." मी आक्काला तेच विचारलं. ती चपला घालून माळावर चालत गेली आणि दुपारी पोशव्वाला घेऊन आली. पाय धुवायला आपल्या वाट्याचं पाणी दिलं. आक्काची कानडी आणि तिची तेलुगू अर्ध्या वाटेवर भेटत, पण पोशव्वा बोलतच नव्हती. रोज दुपारी येऊन पाटावर बसायची, चार घास खायची, भिंतीकडं बघायची. आक्का रोज विचारायची, "उप्पु?" मीठ दोन्ही भाषांत उप्पुच. नवव्या-दहाव्या दिवशी पोशव्वा ताटाकडं बघत म्हणाली, "उप्पु लेदु." मीठच नाही. आक्का मीठ घालायचं खरंच विसरली होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले तर मिठाची बरणी छातीशी धरून उभी होती.

मी एक लुगडं विकत आणलं, चांगल्यातलं. पोशव्वाला देऊन माफी मागायची असं ठरवलं होतं. आक्कानं ते माझ्या हातून काढून घेतलं.

"लुगडं देऊन सुटतीस व्हय?"

"मग काय करू, आक्का?"

"तिला जे चारचौघांत इचारलंस, ते तू तिला सांग. नवरा हाय का तुला?"

माझे यजमान नागपूरला नोकरीला असतात, असं मी सगळ्या लातुरात सांगितलं होतं. "तुझ्या नावानं दोन सालांत एक कार्ड आलं न्हाई," आक्का म्हणाली, "मला काय कळत न्हाई व्हय? म्या कधी इचारलं का?" खरंच तिनं कधी विचारलं नव्हतं.

मी पोशव्वासमोर जमिनीवर बसले. सांगितलं की लग्नानंतर दीड वर्षात त्यानं मला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आला नाही. त्यानं दुसरी केली. मंगळसूत्र मी लोकांसाठी घालते. मी मराठीत बोलत होते, आक्का आपल्या मोडक्या तेलुगूत सांगत होती, आणि माझी लाज दुसऱ्या भाषेत ऐकताना ती कुणा भलतीचीच वाटत होती. माफीचा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. पोशव्वानं सगळं ऐकलं. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "माजा बी गेला. दुसरीसंगं." आणि न विचारताच पुढं म्हणाली, "पोर मल्लव्वा." फॉर्मवर मी फक्त 'मुले: एक' असं लिहिलं होतं.

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं काही ती बोलली नाही, आणि आक्कानंही तिला बोलायला लावलं नाही. पंधरा दिवसांनी तिची टोळी नांदेडकडं कुठल्याशा कालव्याच्या कामावर निघाली. आक्कानं म्हटलं, राहा इथंच. पोशव्वा म्हणाली, हातोडा हाय, काम हाय. आक्कानं पुन्हा आग्रह केला नाही. जाताना लुगडं देऊ केलं, तेही पोशव्वानं नेलं नाही. मी चिटणीसपद सोडलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या की शिकलेल्या बायकांनीच अशी पाठ फिरवली तर गरिबांचं कसं व्हायचं. त्या वाईट नव्हत्या. वाटलेल्या लुगड्यांनी त्या थंडीत बऱ्याच जणींची अंगं झाकली, हेही खरंच.

पुढं माझी बदली उमरीला झाली. आक्का स्टँडवर पोचवायला आली. मला वाटलं, काही बोलेल. पण ती येताच कंडक्टरशी भांडायला लागली, माझी ट्रंक टपावर का टाकली, आत का घेतली नाही म्हणून. तो बिचारा आत घेतो म्हणाला तरी ती थांबेना. मी खिडकीतून "आक्का, येते" म्हटलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, नुसता हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. गाडी हलली, कंडक्टर आत चढला, तरी ती माझ्याकडं पाठ करून रिकाम्या फलाटावर कानडीत बोलतच होती. कानडीत ती फक्त देवाशी आणि स्वतःशी बोलायची. त्या दिवशी दोघांपैकी कुणाशी बोलत होती, ते मला कळलं नाही. दोन वर्षांनी ती गेल्याचं कार्ड आलं, तेही तेराव्यानंतर. मी कार्ड टेबलावर ठेवलं, वर्गात गेले आणि मुलांना चौथीचा भूगोल शिकवला. राज्याच्या नकाशावर लातूर दाखवताना माझं बोट तिथं जरा जास्तच वेळ राहिलं.